विचारा केमिस्ट्रीवाल्या ताईंना: कडू ज्यूस, बिब्ब्याचे फोड आणि लिंबूरसाचा कॅटलिस्ट

मृग बहार संपत आला, रानातली चारं-टेंभरं नागपूरच्या बर्डीवर टोपल्यांत दिसायला लागली आणि कॉलेजात प्रोजेक्ट सबमिशनची घाई सुरू झाली, त्यामुळे या महिन्याची पत्रं पण सगळी त्याच वळणाची आहेत. काही पत्रं फार लांब होती, ती थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, आमचा संत्र्याचा बगीचा आहे. भाव पडला तं पोरगा म्हणे आपणच ज्यूस काढून विकू. सकाळी काढलेला ज्यूस एकदम गोड, दुपारपर्यंत कडू होऊन राहिला. फ्रिजमध्ये ठेवला तरी तेच, अन् गरम करून बाटलीत भरला तं आणखीच कडू. फवारणीच्या औषधाचा परिणाम असंल का?
— एक बागाईतदार, काटोल

उत्तर: भाऊ, फवारणीला उगाच बदनाम करू नका, हे संत्र्याचं स्वतःचंच काम आहे आणि आपल्या नागपुरी संत्र्याचा ज्यूस करणाऱ्याला ते कधी ना कधी छळतंच. कडू करणारा जो पदार्थ आहे त्याचं नाव लिमोनिन. १८४१ साली तो पहिल्यांदा वेगळा काढला, पण रेणू इतका गुंतागुंतीचा निघाला की त्याची नेमकी रचना कळायला १९६० उजाडलं.

आता गंमत बघा. अख्ख्या ताज्या फळाच्या रसात हे लिमोनिन जवळजवळ नसतंच. फोडींच्या पापुद्र्यात आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात त्याचा एक बिनचवीचा पूर्वज असतो, लिमोनोएट ए-रिंग लॅक्टोन असं त्याचं लांबलचक नाव, आणि तो आंबट रसापासून वेगळा ठेवलेला असतो. तुम्ही मशीनमध्ये फळ घातलं की पेशी फुटतात, तो आंबट रसात येऊन पडतो, त्याच्या रेणूतली उघडी असलेली एक रिंग बंद होते आणि तयार होतं लिमोनिन. नुसतं आम्ल पण हे काम करतं, पण फळातलंच एक एन्झाइम ते पटापट उरकतं, म्हणजे कॅटलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) बाहेरून आणायची गरजच नाही, तो फळासोबत फुकट आलेला आहे. म्हणून फोड सोलून खाल्ली तर गोड आणि त्याच फळाचा रस दुपारी कडू. फ्रिजमध्ये वेग कमी होतो, थांबत नाही. आणि गरम केल्यावर एन्झाइम मरतं हे खरं, पण उष्णतेने आम्लाचा वेग इतका वाढतो की पूर्वज होता नव्हता तेवढा सगळा लिमोनिन होऊन जातो. लिटरमागे साधारण ६ मिलिग्रॅम झालं की बहुतेकांच्या जिभेला ते लागतं, काहींना त्याच्याही आधी.

उपाय काय? एक म्हणजे घाईचं फळ ज्यूसला घेऊ नका. फळ झाडावर पूर्ण पिकत जातं तसं झाड स्वतःच त्या पूर्वजाला साखरेचा एक रेणू जोडून टाकतं आणि मग त्यातून कडूपणा येत नाही, म्हणून उशिरा तोडलेलं फळ ज्यूसला बरं. दुसरं, बिया चुरडल्या जाऊ देऊ नका, लिमोनिन बियांत भरपूर असतं, मिक्सरमध्ये अख्ख्या फोडी फिरवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. हलक्या हाताने पिळा, चोथा लगेच गाळून बाजूला करा, चोथ्यासकट रस ठेवला की पूर्वज झिरपत राहतो. मोठे कारखाने ज्यूस रेझिन भरलेल्या कॉलममधून सोडतात, लिमोनिन त्या दाण्यांना चिकटून राहतं, पण तो खर्च तुमच्या पोराच्या आवाक्यातला आहे का ते आधी बघा. खाण्याचा सोडा टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, चवही जाईल आणि व्हिटॅमिन सी पण. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, बाटल्या छापायला टाकायच्या आधी तिकडे एक चक्कर मारा.

प्रश्न: मॅडम, एमएस्सी सेकंड इयरला आहे. प्रोजेक्टला जांभूळ, येरोणी आणि टेंभरं अशी तीन रानफळं घेतली, वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि डीपीपीएच टेस्ट केली. येरोणीचा रिझल्ट भारी आला पण जांभळाचा एकदम फालतू येऊन राहिला, सगळे तर म्हणतात जांभळात लय अँटिऑक्सिडंट असतात. जांभूळ काढून टाकू का? आणि कन्क्लुजनमध्ये 'कॅन्सरवर उपयुक्त' असं लिहिलं तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर: अगं, जांभूळ अजिबात काढू नकोस, तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टमधली तीच सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट आहे.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. डीपीपीएच ही जांभळ्या रंगाची पावडर असते, मिथेनॉलमध्ये विरघळवली की गडद जांभळं द्रावण होतं. अर्कातल्या अँटिऑक्सिडंटने तिला हायड्रोजन दिला की रंग फिका होत पिवळा पडतो आणि रंग किती उतरला ते मशीनवर ५१७ नॅनोमीटरला मोजतात. १९५८ पासून ही पद्धत चालू आहे, स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते, म्हणून प्रत्येक कॉलेजात तीच.

आता तुझं जांभूळ. त्याचा रंग अँथोसायनिनमुळे असतो आणि अँथोसायनिन स्वतःच ५२०च्या आसपास प्रकाश शोषतं, विशेषतः अर्क थोडा आंबट असेल तर जास्तच. म्हणजे डीपीपीएचचा रंग उतरला तरी मशीनला जांभळाचा रंग दिसतोच आहे आणि ते बिचारं समजतं की काही उतरलंच नाही. तू सॅम्पल ब्लँक घेतलाच नसणार, पैज लावते! तेवढाच अर्क घे, डीपीपीएच न टाकता नुसतं मिथेनॉल टाक, त्याचं रीडिंग घे आणि प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला ते वजा कर. हे केल्यावर जांभूळ कुठे जातं बघ आणि मगच येरोणीशी तुलना कर. सोबत तुलनेला एस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे व्हिटॅमिन सीचं, स्टँडर्ड हवंच, आणि माझं ऐकशील तर टपरीवरच्या साध्या चहापत्तीचा अर्क पण चालव. तो इतका झकास रिझल्ट देईल की 'भारी' शब्द वापरताना तुझा हात आपोआप थांबेल.

कॅन्सरचं वाक्य खोडून टाक. टेस्ट ट्यूबमधल्या जांभळ्या पावडरीचा रंग उतरवणं आणि माणसाच्या शरीरात काही करणं यांत आतडं, लिव्हर, रक्त एवढं सगळं मध्ये आहे. टेंभरासारख्या तुरट फळांत टॅनिन असतात, ती कुठल्याही प्रोटीनला चिकटतात, त्यामुळे एन्झाइमच्या टेस्टमध्येसुद्धा ती खोटंखोटं पास होतात. असले पेपर ढिगाने छापून येतात आणि पुढे त्यांचं काही होत नाही, मला वाचूनच कंटाळा येतो.

वेळ असेल तर एक छान काम कर. सिलिका जेलच्या टीएलसी प्लेटवर (अर्कातले पदार्थ वेगवेगळे करणारी पातळ थराची प्लेट) अर्काचा ठिपका देऊन प्लेट रन कर, वाळव आणि वरून डीपीपीएचचं द्रावण फवार. प्लेट जांभळी होते आणि जिथे काम करणारा पदार्थ आहे तिथे पिवळा डाग उमटतो. तीन फळांच्या तीन रेघा शेजारी शेजारी ठेवल्या की नुसतं 'अर्क चांगला' म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, एकच डाग काम करतोय की पाच, ते समोर दिसतं. शिवाय फळं आणलीस त्या झाडांची फुला-पानांसकट फांदी बॉटनी डिपार्टमेंटला दाखवून लॅटिन नाव नक्की करून घे, हर्बेरियम शीट (कागदावर वाळवून चिकटवलेला नमुना) करून नंबर घे, आणि रिझर्व फॉरेस्टमधून आणणार असशील तर परवानगीचा कागद. हे नसेल तर तुझी येरोणी नेमकी कोणती ते उद्या कोणी सिद्ध करू शकणार नाही.

प्रश्न: लोखंडी कढईत आवळ्याचा मुरंबा केला तर काळा झाला. फेकू का? आणि आवळा सुपारी वाळवल्यावर व्हिटॅमिन सी राहतं का?
— मनीषनगरहून एक गृहिणी

उत्तर: काळा रंग विषारी वगैरे नाही, आवळ्यातल्या टॅनिनने कढईचं लोखंड ओढलं आणि आयर्न टॅनेट झालं, जुन्या काळी लिहायची शाई अशीच व्हायची. चव धातूसारखी लागत असेल तर मात्र खाऊ नका. पुढच्या वेळी स्टील वापरा, तांब्याचं भांडं तर मुळीच नको, कारण तांबं अगदी नावापुरतं जरी रसात उतरलं तरी व्हिटॅमिन सीच्या ऑक्सिडेशनला ते कॅटलिस्टचं काम करतं. सुपारीत काही राहतं, बरंच जातं, सावलीत वाळवली तर उन्हापेक्षा जास्त राहतं. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर टाकली तर आशा सोडा.

प्रश्न: ताई, मी उमरेडकडची. बिब्बे फोडून गोडंबी काढतो आम्ही बाया. माझ्या सासूबाईंना काही होत नाही पण मला दोन दिवसांनी हातावर, गालावर फोड येतात, आग होते. एकाच कामात एकीला होतं अन् एकीला नाही हे कामून?

उत्तर: बिब्ब्याच्या टरफलात जे काळं तेल असतं त्यात भिलावनॉल नावाचे पदार्थ असतात, एका टोकाला कॅटेकॉल नावाची रिंग आणि मागे १५ कार्बनची लांब शेपटी. शेपटी तेलकट म्हणून ते कातडीत सहज मुरतं आणि पाण्याने धुवून जात नाही. आत गेल्यावर कॅटेकॉलचं ऑक्सिडेशन होऊन क्विनोन बनतं, ते कातडीच्या प्रोटीनला घट्ट चिकटतं आणि मग शरीर आपल्याच कातडीला परकं समजून तिच्यावर धावून जातं. म्हणजे फोड तेलाने जळून आलेले नाहीत, ते तुमच्या शरीराच्या प्रतिक्रियेने आलेत, म्हणून लगेच न येता एक-दोन दिवसांनी येतात, आणि म्हणूनच माणसागणिक फरक पडतो. सासूबाईंचं शरीर ते सहन करतं, तुमचं नाही करत, आणि एकदा शरीराने हे लक्षात ठेवलं की पुढच्या वेळी थोड्याशा तेलानेही त्रास होतो, सवयीने जाईल असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

काजूच्या टरफलात, आंब्याच्या चिकातही याच घराण्यातले पदार्थ असतात, तुम्हाला आंब्याच्या चिकाने पण खाज येत असेल तर आश्चर्य नाही. धोबी लोक कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरायचे, तेही ह्याच रसायनाच्या जिवावर, हवेत ते काळं पडतं आणि धुतलं तरी निघत नाही. आयुर्वेदात बिब्बा औषधाला घ्यायच्या आधी विटेच्या चुऱ्यात घोळून घोळून तेल काढतात, जुन्या लोकांनी हे बरोबर ओळखलं होतं.

तुम्ही काय करायचं: हाताला आधी खोबरेल किंवा तिळाचं तेल चोपडा, वर जाड रबरी हातमोजे, काम झाल्यावर आधी तेलाने पुसून मग साबण, आणि त्या हाताने तोंडाला हात लावू नका, गालावरचे फोड तिथूनच आलेत. टरफलं चुलीत जाळू नका, धूर डोळ्यांत-छातीत जातो. आणि आता चेहऱ्यावर आलंच आहे तर घरी काही लावत बसण्यापेक्षा कातडीच्या डॉक्टरकडे जा, खरंच. काम बदलून घेता आलं, म्हणजे फोडायचं सासूबाईंनी आणि निवडायचं तुम्ही, तर सगळ्यात उत्तम.

प्रश्न: नमस्कार. रिटायर्ड माणूस आहे, वाचायला वेळ आहे. आपल्या पूर्वजांनी अख्खी वनस्पती दिली, काढा दिला. मग तुम्ही शास्त्रज्ञ लोक एकेक रेणू वेगळा काढण्याचा अट्टहास का करता? मी स्वतः रोज गुळवेलीचा काढा घेतो, काही झालं नाही.
— धरमपेठेतून एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: काका, वेगळा काढल्याशिवाय डोस ठरत नाही, एवढं साधं आहे. सर्पगंधा घ्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकींनी दिल्लीत तिच्यातून अजमलीन काढलं, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं ब्लडप्रेशर उतरवणारं रिसर्पीन शुद्ध स्वरूपात निघालं. मूळ सगळ्यांच्या हातात होतंच, पण एका मुळीत किती आणि दुसऱ्यात किती याचा पत्ता नव्हता, आणि रिसर्पीन जास्त झालं तर माणूस उदास होतो, खचतो, हे पण मिलिग्रॅममध्ये मोजायला लागल्यावरच नीट दिसलं. सदाफुलीत विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन, कॅन्सरची खरीखुरी औषधं, पण शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ग्रॅमभर निघतं. घरच्या कुंडीतली दोन पानं चावून त्यातलं औषध मिळत नाही, बाकीची अल्कलॉइड्स मात्र पोटात जातात.

उलटी गोष्ट पण सांगते, कारण पूर्वजांचं ऐकून फायदा झाल्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. चीनमध्ये तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ बाई मलेरियावर एका वनस्पतीचा अर्क तपासत होत्या, कधी गुण यायचा कधी नाही. जुन्या ग्रंथात पाला थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं, उकळायला नाही. त्यांनी मग ३५ अंशांलाच उकळणारा ईथर वापरला आणि १९७१ मध्ये काम करणारा अर्क हाती आला, २०१५ ला नोबेल. काढा उकळून केला असता तर त्यातलं आर्टेमिसिनिन हे औषध कदाचित हाती लागलंच नसतं.

गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ च्या आसपास मुंबईतल्या डॉक्टरांनी ती रोज घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं, त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत असू शकते. दोन्हीतलं काहीही खरं धरलं तरी तुमच्यासाठी सल्ला एकच आहे, डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा आणि लिव्हरची टेस्ट करून घ्या.

प्रश्न: मॅम, आम्ही लिंबाचा रस ग्रीन कॅटलिस्ट म्हणून वापरून शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होणारा पदार्थ) बनवला, ९० टक्क्यांच्या वर यील्ड आलं, पाच मिनिटांत! एक्स्टर्नल येणार आहेत, काय विचारतील?

उत्तर: पहिलाच प्रश्न विचारतील, लिंबू न टाकता किती आलं? आणि इथेच पुष्कळांची विकेट जाते. बेन्झाल्डिहाइड आणि ॲनिलिन कशाशिवायही नुसते एकत्र करून बघ, टेस्ट ट्यूब हाताला गरम लागते, पाण्याचे थेंब सुटून गढूळ होतं आणि थोड्या वेळात आत पिवळसर घट्ट गोळा. मग लिंबाने काय केलं? ऑस्टवाल्डला कॅटलिसिसवरच्या कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हापासून नियम तोच आहे, कॅटलिस्ट वेग बदलतो, शेवटचा समतोल नाही. म्हणून शेवटचं यील्ड सांगून उपयोग नाही, अर्धी रिॲक्शन व्हायला किती वेळ लागला ते दाखव. एक रन काही न टाकता, एक लिंबाच्या रसाने, एक तेवढ्याच पीएचच्या शुद्ध सायट्रिक ॲसिडने, एक सोड्याने न्यूट्रल केलेल्या रसाने. सायट्रिक ॲसिड आणि लिंबू सारखंच निघालं तर श्रेय ॲसिडचं, लिंबाचं नाही, आणि तसं लिहायला लाजू नकोस. ज्या ॲनिलिनपासून सुरुवात केली ते विषारी असताना दोन थेंब लिंबाने सगळं ग्रीन होतं का, हा दुसरा प्रश्न. तो आला तर शांतपणे नाही म्हण.

प्रश्न: आम्ही इंजिनिअरिंगचे चार मित्र मोहाच्या तेलापासून बायोडिझेल करून राहिलोय, अंड्याच्या टरफलाचा कॅटलिस्ट वापरतो. पण भांड्यात नुसता फेस आणि जेली. कॉस्टिक पोटॅश टाकून पाहिलं तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर: तेल तपासलं का आधी? मोहाच्या बिया साठवून ठेवल्या, ओलसर राहिल्या की तेलात मोकळी फॅटी ॲसिड्स वाढतात, कधीकधी १५-२० टक्क्यांपर्यंत. अल्कली टाकली की त्यांचा साबण होतो, तुमची जेली म्हणजे साबण आहे बाळांनो, कपडे धुवा. तेल अल्कोहोलमध्ये घेऊन फिनॉल्फ्थेलिन टाका, पोटॅशने टायट्रेट करून ॲसिड व्हॅल्यू काढा. मोकळं ॲसिड एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर दोन टप्पे करावे लागतात, आधी थोडं सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉल घेऊन मोकळ्या ॲसिडचं एस्टर, पाणी वेगळं काढा, आणि मगच अल्कलीचा टप्पा, मिथेनॉल तेलाच्या सहापट मोल, ६० अंशांच्या आसपास. मिथेनॉल ६५ च्या जवळ उकळतं, वाफ पेटते आणि पोटात गेलं तर डोळे जातात, त्यामुळे हे हॉस्टेलच्या रूमवर नाही, फ्यूम हूडखाली कंडेन्सर लावून. तेलाच्या बाबतीत अडलात तर नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटला ऑइल टेक्नॉलॉजीवाल्यांना विचारा, १९४२ पासूनची संस्था आहे.

टरफलाचं म्हणाल तर ते कॅल्शियम कार्बोनेट, तसंच कुटून टाकलं तर ढिम्म बसून राहतं. ८०० ते ९०० अंशांना मफल फर्नेसमध्ये भाजून कॅल्शियम ऑक्साइड करावं लागतं, आणि ते बाहेर ठेवलं की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा बसतं, नागपूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. भाजलं की डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणारं बंद भांडं), आणि लगेच वापरा. दुसरं म्हणजे थोडं कॅल्शियम मिथेनॉलमध्ये उतरतं आणि काम तेच करत असतं, तुम्ही समजता घन कॅटलिस्ट करतोय. ते ओळखायला अर्धी रिॲक्शन झाल्यावर गरम असतानाच कॅटलिस्ट गाळून काढा आणि उरलेलं द्रावण तसंच ढवळत ठेवा. रिॲक्शन थांबली तर ठीक, पुढे सरकत राहिली तर प्रोजेक्टच्या नावातून 'हेटेरोजीनियस' (म्हणजे न विरघळता घनच राहणारा कॅटलिस्ट) शब्द काढून टाका, बाकी प्रोजेक्ट आहे तसा चालेल.